‘एनएफएस’ लोड होते, मग माउंट का अडते?

प्रश्न : लॅबमधले डिस्कलेस संगणक एनएफएसवरून (नेटवर्कवरच्या सर्व्हरमधल्या फाइली वापरण्याची व्यवस्था) बूट करायचे आहेत. इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी इमेज) ‘एनएफएस’ मॉड्यूल (कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या मूळ प्रोग्रामला, गरजेनुसार जोडायचा तुकडा) घातले, ते लोडही होते. पण आवृत्ती ४ ने माउंट करताना, म्हणजे सर्व्हरवरचा फोल्डर जोडताना, ‘प्रोटोकॉल नॉट सपोर्टेड’ येते. सर्व्हरवर काय बदलावे?

उत्तर : सर्व्हरला हात लावू नका. बहुधा तुमच्या इमेजमध्ये ‘एनएफएसव्ही४’ हे मॉड्यूल नाही. २०१२ च्या लिनक्स ३.६ पासून एनएफएस क्लायंट एकाच मॉड्यूलमध्ये राहिलेला नाही. आयनोड (फाइलीची माहिती ठेवणारी नोंद), डिरेक्टरी, मेमरीतली पाने वाचणे-लिहिणे हा सामाईक कोड ‘एनएफएस’मध्ये राहिला, आवृत्ती २, ३ आणि ४ चा कोड ‘एनएफएसव्ही२’, ‘एनएफएसव्ही३’, ‘एनएफएसव्ही४’मध्ये गेला.

खरी गोम अवलंबनाच्या दिशेत आहे. ‘एनएफएसव्ही४’ला ‘एनएफएस’मधली फंक्शन्स लागतात, म्हणून डेपमॉड (कोणते मॉड्यूल कोणावर अवलंबून आहे हे नोंदवणारी आज्ञा) तशी नोंद करतो. उलट दिशेला नोंदच नसते. माउंटच्या वेळी ‘एनएफएस’ आपल्या यादीत ती आवृत्ती शोधते; सापडली नाही तर ‘एनएफएसव्ही’पुढे आकडा जोडून ‘रिक्वेस्ट_मॉड्यूल’ने मागवते. ही मागणी चालत्या कर्नलमध्ये होते, त्यामुळे केवळ डेपमॉडची नोंद पाहून इमेज बांधली, तर हे मॉड्यूल सुटते.

डेबियन किंवा उबुंटूवर ‘/ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/मॉड्यूल्स’ या फाइलीत ‘एनएफएसव्ही४’ ही ओळ घाला आणि ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवा. इमेज बांधायला ड्रॅकट हे साधन असेल तर ‘ॲड_ड्रायव्हर्स’मध्ये नाव द्या, पण अवतरणांच्या आत नावाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडा, नाहीतर ते शेजारच्या नावाला चिकटते. मग इमेजमधल्या फाइलींची यादी काढून मॉड्यूल खरेच आत आले का ते पाहा.

हाच संदेश चालत्या यंत्रावर आला, तर कर्नल अपडेट होऊन जुन्या मॉड्यूल्सचा फोल्डर पुसला गेला आहे का ते आधी तपासा. तसे असेल तर रीबूट करा.

प्रश्न : आमच्या नेटवर्क फाइल सिस्टिमचा कोड गाभा आणि आवृत्त्या अशा मॉड्यूल्समध्ये तोडला. आता डेपमॉड ‘सायकल डिटेक्टेड’ म्हणतो.

उत्तर : म्हणजे मॉड्यूल्स एकमेकांवर अवलंबून झाली आहेत : गाभ्यातून आवृत्तीचे एखादे फंक्शन थेट नावाने बोलावले जात आहे. ते काढा. एनएफएसमध्ये प्रत्येक आवृत्ती ‘एनएफएस_सबव्हर्जन’ हे स्ट्रक्चर भरते (मालक मॉड्यूल, आरपीसी म्हणजे दुसऱ्या यंत्रावरचे फंक्शन बोलावण्याच्या पद्धतीची आवृत्ती, ऑपरेशन्सचा तक्ता) आणि मॉड्यूल लोड होताना चालणाऱ्या इनिट फंक्शनमध्ये ‘रजिस्टर_एनएफएस_व्हर्जन’ने गाभ्याकडे नोंदवते. गाभा फक्त पॉइंटरवरून बोलतो. आवृत्त्यांना लागणारी गाभ्यातली फंक्शन्स ‘एक्सपोर्ट_सिम्बॉल_जीपीएल’ने उघडी करा, तीही मोजकीच.

दोन जागा हमखास चुकतात. ‘रिक्वेस्ट_मॉड्यूल’ने शून्य परत दिले म्हणजे नोंदणी झाली असे नव्हे, त्यानंतर यादी पुन्हा शोधा आणि आवृत्ती नसेल तर एरर परत करा. आणि पॉइंटर वापरण्याआधी ‘ट्राय_मॉड्यूल_गेट’ करा (मॉड्यूल वापरात असल्याची नोंद), अनमाउंटला ‘मॉड्यूल_पुट’ (ती नोंद सोडणे). हे राहिले तर माउंट चालू असतानाच आरएममॉड (मॉड्यूल काढण्याची आज्ञा) यशस्वी होतो आणि पुढच्याच रीडला कर्नल काढून टाकलेल्या कोडवर उडी मारतो.