दारू नाही, तरी यकृतावर चरबी कशी?

प्रश्न : वय 52, कोथरूडला राहतो. दारूला आयुष्यात शिवलो नाही, तरी सोनोग्राफीत यकृतावर चरबी निघाली, साखरही वाढली. पुढच्या तपासणीत हिपॅटायटिस सी सापडला. मेव्हण्याने अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल आणि लोहाचं टॉनिक आणून दिलंय. घेऊ का?

उत्तर : टॉनिक मेव्हण्याला परत करा. या आजारात यकृतात आधीच लोह साठू शकतं, त्यात आणखी लोह म्हणजे आगीत तेल. हिपॅटायटिस सीचा विषाणू पेशीची चूलच, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, बिघडवतो. चूल नीट पेटली नाही की धूर होतो ना, तसे पेशीत घातक ऑक्सिजन-कण वाढतात. पेशी इन्सुलिनलाही दाद देईनाशा होतात, म्हणून साखर. आपल्याकडे जास्त आढळणारा या विषाणूचा प्रकार, जीनोटाइप 3, तर थेट यकृतात चरबी साठवतो. (वहिनींना हे जरूर वाचून दाखवा!)

कॅप्सूलने विषाणू जात नाही. सोफोसबुविर-वेल्पटासविर हे विषाणूविरोधी औषध साधारण 12 आठवडे घेतलं की बहुतेकांचा जातो. 2018 पासून सरकारच्या राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमात उपचार मोफत आहेत. मात्र विषाणू हटू लागला की मधुमेहाचा जुना डोस जास्त ठरू शकतो. सदाशिव पेठेतल्या माझ्या दवाखान्यात एक काका असेच घामाघूम होऊन आले, साखर 58 पर्यंत घसरलेली. ग्लुकोमीटर हाताशी ठेवा. कॉफी चालेल, बिनसाखरेची.