बेळगावात बी.एस्सी. नर्सिंग केलंय, जर्मनीत थेट नर्स म्हणून लागता येतं का?

थेट नाही. तिथं नर्सिंग हा रेग्युलेटेड पेशा आहे, म्हणजे ज्या राज्यात नोकरी करणार तिथलं सरकारी खातं तुमची डिग्री तपासून मान्यता देतं, तोपर्यंत फार तर हेल्पर म्हणून काम मिळतं, आणि जर्मन भाषा साधारण बी-2 पातळीपर्यंत (कामावर नीट बोलता-समजता येईल इतकी) लागतेच.

आपल्या डिग्रीत बहुतेकदा काहीतरी कमी आहे असं पत्र येतं, घाबरू नका, त्यात कुठले विषय, किती तास कमी ते लिहिलेलं असतं. मग एक तर हॉस्पिटलात अ‍ॅडाप्टेशन कोर्स, म्हणजे कमी पडलेला भाग भरून काढायचा कोर्स, करायचा नाहीतर परीक्षा द्यायची. ही तुलना विषय आणि तास बघून होते, त्यामुळं गाव सोडायच्या आधी कॉलेजातून सिलॅबस आणि थिअरी-प्रॅक्टिकलच्या तासांचा तक्ता सही-शिक्क्यानिशी घ्याच, तिकडनं फोन करून मागवत बसलात तर महिने जातात.

आपल्या भागातला खरा घोळ नावांचा. मार्क्स कार्डवर "पाटील एस. आर.", पासपोर्टवर पूर्ण नाव, जन्माचा दाखला कन्नडमध्ये आणि त्यात आडनाव तिसऱ्याच पद्धतीनं. हे आधी दुरुस्त करा, जमत नसेल तर अ‍ॅफिडेव्हिट करून ठेवा. भाषांतर मात्र शपथ घेतलेल्या, म्हणजे अधिकृत ट्रान्सलेटरकडनंच, पैसे भरण्याआधी त्या मान्यता देणाऱ्या खात्याला ईमेल करून कोणाचं चालतं ते विचारा.

आणि ओरिजिनल सर्टिफिकेटं एजंटकडं ठेवू नका बरं का, कितीही ओळखीचा असला तरी.