झिंक टाकूनही केळीची कोवळी पानं पट्टेरी का?
रावेर-यावलकडच्या काळ्या रानात चुनखडी जास्त असेल आणि सामू (पीएच) ८ च्या वर गेला, तर टाकलेलं झिंक मातीलाच चिकटून बसतं. झाड मात्र गप्प नसतं. पेशीतलं झिंक घटलं की बीझिप१९ आणि बीझिप२३ ही प्रथिनं झिप जनुकं (झिंक आत घेणारी दारं घडवणारी) चालू करतात (हे कळलं अॅराबिडॉप्सिसवरून, मोहरीचंच भाऊबंद) आणि मुळांवर झिंक ओढणारी दारं वाढतात. एचएमए४ नावाचं प्रथिन ते झिंक पानांकडे चढवतं. जास्तीचं झिंक एमटीपी१ हे दुसरं प्रथिन रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत कोंडतं, कणगीत दादर ज्वारी भरावी तसं. पण दाराबाहेर विरघळलेलं झिंकच नसेल तर ओढणार काय? झिंक सल्फेट शेणखतात मुरवून द्या, नाहीतर ०.५ टक्के फवारा, चुन्याची निवळी घालून. आणि डीएपीला जरा हात आखडता घ्या, भाऊ, त्यातलं जास्तीचं स्फुरद झिंकला आडवं येतं.