कॅसिनोवरची कोरियन मालिका ‘बिग बेट’ सुरू केली आहे, पण तीन भाग झाले तरी गोष्ट कॅसिनोत पोचता पोचत नाही. पुढे बघावी का?

बघा. निदान पाचव्या भागापर्यंत तरी सोडू नका.

तुमची तक्रार मात्र रास्त आहे. 21 डिसेंबर 2022 ला डिस्नी प्लसवर पहिले तीन भाग एकदम आले, तेव्हाही अनेक प्रेक्षकांनी हेच म्हटलं होतं. कोरियन भाषेत तर मालिकेचं नावच ‘कॅसिनो’ आहे. सुरुवातीला फिलिपिन्समध्ये नायक चा मू-सिकला खुनाच्या संशयावरून अटक होते, आपण सरसावून बसतो, आणि मालिका थेट त्याच्या लहानपणात शिरते. घरची ओढाताण, शाळा, कॉलेज, मग इंग्रजीचे क्लासेस, मग जुगाराचा बेकायदा अड्डा, मग मागे लागलेले करखात्याचे लोक. पोस्टरवर ठळक दिसणारा नट सोन सुक-कू तर या तीन भागांत जवळपास नाहीच. त्या वर्षी कोरियात त्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं, त्यामुळे खास त्याच्यासाठी बसलेले लोक चिडले. पुढे दर बुधवारी एकच भाग यायचा, म्हणून ही चिडचिड आठवडाभर मुरायची. तुमच्यासमोर आता दोन्ही सीझन पूर्ण आहेत, 8 आणि 8 असे 16 भाग, तेव्हा तो त्रास तुम्हाला नाही.

दुसरी तक्रार चेहऱ्याची होती, आणि ती मलाही पटते. मू-सिक करणाऱ्या चोई मिन-सिकचा जन्म 1962 चा. मू-सिकचं कोवळं वय ली क्यु-ह्युंगने केलंय, पण तिशीपासून पुढे स्वतः चोई आहे आणि तंत्राने त्याचा चेहरा तरुण केलाय. गाल गुळगुळीत झाले, सुरकुत्या गेल्या. पण तो खुर्चीतून उठतो कसा, वळताना खांदे कसे नेतो, ते बघा. चेहरा तिशीतला, चाल साठीतली. प्रसंग चालू असताना आपलं लक्ष तिकडेच जातं, आणि एवढ्या ताकदीच्या नटाच्या बाबतीत असं व्हावं याचं मला खरंच वाईट वाटतं. तो जवळजवळ 25 वर्षांनी मालिकेत काम करत होता. कथा वर्तमानात आली की ही अडचण संपते. मग तो नुसता बसून समोरच्याचं ऐकतो तरी नजर हलत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. गोष्ट कॅसिनोत पोचत नाही असं वाटतं, कारण आपण टेबलाची वाट बघत असतो. ही गोष्ट टेबलापर्यंत माणसं आणणाऱ्याची आहे. पत्त्यांत हुशार असलेला नायक, शेवटच्या डावात उलटणारी बाजी, असलं इथे काही शोधू नका. मू-सिकचं भांडवल म्हणजे ओळखी, शब्द आणि वसुली. आणि पहिले तीन भाग हेच दाखवतात की हा माणूस लहानपणापासून कुणाला कसा आपलासा करतो, कुणाला पैसे देऊन बांधून ठेवतो, कुणाला दबावाने.

या धंद्याला जंकेट म्हणतात. तो कसा चालतो हे आधी कळलं तर पुढचे भाग दुप्पट रंगतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एजंट गिऱ्हाईक हेरतो, त्याचं तिकीट, खोली, गाडी सगळं बघतो आणि खेळायला उधारीवर चिप्स, म्हणजे पैशांऐवजी टेबलावर लावायच्या चकत्या, देतो. या रोलिंग चिप्स काउंटरवर देऊन रोख मिळत नाही, त्या टेबलावर लावाव्याच लागतात. जिंकलात तर साध्या चिप्स हातात येतात. त्या साध्या चिप्स देऊन पुन्हा रोलिंग घ्यायच्या, पुन्हा लावायच्या. खेळणाऱ्याने अशी किती रक्कम फिरवली त्यावर एजंटचं कमिशन. म्हणजे तुम्ही जिंकता की हरता यापेक्षा तुम्ही खुर्चीतून उठत नाही यात त्याचा फायदा. खेळ असतो बॅकराट, म्हणजे पत्त्यांत ‘बँकर’ जिंकेल की ‘प्लेयर’ यावर पैसे लावायचे. त्यात बँकरवर लावलेल्या दर 100 रुपयांमागे कॅसिनोला सरासरी साधारण 1 रुपया 6 पैसे सुटतात, प्लेयरवर लावले तर 1 रुपया 24 पैसे. ऐकायला किती किरकोळ! पण तेच पैसे रात्रभर शेकडो वेळा फिरले की काय उरतं, याचा हिशेब तुम्हीच करा. मोठे खेळाडू पत्ता पटकन उलटत नाहीत, कडेने वाकवून, ठिपके एकेक करत बघतात. त्या वेळी पडद्यावर पत्त्याकडे बघू नका, खेळणाऱ्याच्या मागे कोण उभं आहे ते बघा.

आणि हे सगळं फिलिपिन्समध्येच का? दक्षिण कोरियात कॅसिनो पुष्कळ आहेत, पण ते परदेशी लोकांसाठी. कोरियन नागरिकाला आत जाऊन खेळता येईल असा कॅसिनो एकच, कांगवॉन लँड. कोळशाच्या खाणी बंद पडलेल्या डोंगराळ भागाला रोजगार मिळावा म्हणून तो 2000 साली सुरू झाला. कोरियन माणसाने परदेशात जाऊन जुगार खेळला तरी त्याच्या देशाच्या कायद्याने तो गुन्हा ठरू शकतो. मग पैसे उघड नेता येत नाहीत, हरलं तर घरी सांगता येत नाही, फसवलं गेलं तरी पोलिसांत जायची चोरी. मू-सिकसारख्याचं राज्य नेमकं इथे उभं राहतं. सोन सुक-कूचं पात्र ज्या ‘कोरियन डेस्क’वर येतं तोही काल्पनिक नाही, फिलिपिन्समधल्या कोरियन लोकांशी संबंधित गुन्ह्यांसाठी कोरियाचे पोलीस अधिकारी तिथे खरोखर नेमलेले असतात.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. पणजीला मांडवीत कॅसिनोची जहाजं उभी आहेत, पण 2020 पासून खुद्द गोंयकारांना तिथे जुगार खेळायला बंदी आहे. महाराष्ट्राने 1976 मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलात आणलाच नाही आणि 2023 मध्ये रद्द केला. त्यामुळे पुण्या-मुंबईची माणसं पणजी गाठतात. आपल्या माणसांना नको, बाहेरच्यांनी येऊन खुशाल खेळावं, ही सरकारी भूमिका कोरियात आणि गोव्यात तीच. मालिका यावर भाषण देत नाही, फक्त त्या फटीतून कोण आत शिरतं ते दाखवते. मला ती आवडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

दोष आहेत. दुसरा भाग सहज निम्मा कापता आला असता. पात्रं इतकी येतात की नावं लक्षात राहत नाहीत. मी म्हणेन, सुरुवातीला फक्त तिघांना धरून ठेवा: मू-सिक, त्याच्या पाठीपाठी वावरणारा जंग-पाल (ली डोंग-ह्वी) आणि पुढे येणारा सो ते-सोक (हो सुंग-ते). बाकीचे आपोआप जागेवर बसतात. शेवटावरूनही प्रेक्षकांत मोठे मतभेद झाले, तो मी इथे फोडत नाही, म्हणून प्रतिक्रिया शोधायला जाऊ नका, पहिल्याच ओळीत सगळं कळून जाईल.

चौथ्या-पाचव्या भागानंतरही जीव रमला नाही तर खुशाल सोडा, कारण पुढेही तिची चाल हीच राहते. मारामारीपेक्षा बोलणी, आणि बोलण्यांपेक्षा वसुली. आणि मूळ कोरियन आवाजातच बघा. कुणाशी अदबीने बोलायचं आणि कुणाला एकेरीवर आणायचं, हे मू-सिक आवाजातून ठरवतो, आणि डबिंगमध्ये नेमकं तेच हरवतं.