जॅझवाल्यांची चरित्रं: सुरुवात कुठून करावी?

एकदम दहा जणांच्या मागे लागू नका, एकच माणूस धरा. माझं ऐकाल तर अमेरिकन पियानोवादक थेलोनिअस मंक. १९५१ मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणात त्याचं कॅबरे कार्ड गेलं. क्लबात वाजवायचा हा परवाना पोलीस देत. त्याविना १९५७ पर्यंत न्यूयॉर्कच्या क्लबांची दारं त्याला बंद होती. तरी तो रेकॉर्डिंग करत राहिला. नवखे इथेच चुकतात: नशेच्या कहाण्या वाचतात, पोट कसं भरलं ते पाहतच नाहीत.

आणखी दोन गोष्टी:
- वाचताना त्याच वर्षांतलं वादन ऐकाच.
- कलाकाराने सांगितलेली तारीख पडताळा. ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग जन्म ४ जुलै १९०० सांगायचा. बाप्तिस्म्याच्या नोंदीत ४ ऑगस्ट १९०१ निघाला.

मुंबई गाजवणारा गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्यानंतर घ्या. अडलं की बिनधास्त विचारा.