मुलाला बाळदमा आहे, दूध-दही-केळी बंद करून फरक पडेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय मुलगा 5 वर्षांचा आहे आणि घरचे म्हणतात दूध, दही, केळी कफ करतात, सगळं बंद कर. मी हेच केलं होतं, मुलगी 4 वर्षांची असताना जवळपास वर्षभर. थंडी सुरू झाली की खोकला परत होताच, रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज, आणि वजन काही वाढेना. मग अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांनी समजावलं की दुधाने कफ वाढत नाही, घशात चिकट वाटतं तेवढंच, लहान मुलांना अटॅक येतो तो बहुतेक वेळा सर्दीच्या व्हायरसने, नाहीतर धूळ, उदबत्तीचा धूर वगैरेने.

पण खाण्याची खरी अ‍ॅलर्जी असेल तर गोष्ट वेगळी, आणि दमा असलेल्या पोरांना ती जास्त जोरात येऊ शकते. एका एकादशीला शेजाऱ्यांकडे माझ्या मुलीने काकडीची कोशिंबीर खाल्ली, दाण्याचं कूट घातलेली. दहा मिनिटांत ओठ सुजले, पोटावर गांध्या उठल्या, उलटी झाली आणि मग धाप. आम्हाला वाटलं दमाच आहे, पंप (इनहेलर) देत बसलो, ती आमची मोठी चूक, कारण अशा वेळी मांडीत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शनच लागतं, पंप पुरत नाही. दवाखान्यात ते दिल्यावर पोरगी सावरली.

धाकट्याच्या वेळी मी घाबरून विचारलं, याला दाणे द्यायचेच नाहीत का? डॉक्टर म्हणाले उलट आहे. 2015 ला लंडनच्या डॉक्टरांचा मोठा अभ्यास आला, तीव्र एक्झिमा (त्वचेवर खाजरे चट्टे) किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांना 4 ते 11 महिन्यांपासून शेंगदाण्याचे पदार्थ दिले तर 5 व्या वर्षी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी 80 टक्क्यांच्या आसपास कमी निघाली. दमा मात्र त्याने कमी झाला नाही. (अशा बाळांना आधी डॉक्टरांना विचारूनच द्यायचं, आणि अख्खा दाणा कधीच नाही, घशात अडकतो.)

आणि स्वतःहून रक्ताचं भलंमोठं अ‍ॅलर्जी पॅनल (एकदम अनेक पदार्थांची तपासणी) करू नका प्लीज, रिपोर्टात पॉझिटिव्ह आलं म्हणजे ते खाऊन त्रास होतोच असं नसतं, मग उगाच पंधरा पदार्थ बंद होतात. आधी एवढंच आठवून बघा, दूध किंवा केळं खाल्ल्यावर तास-दोन तासात त्याला कधी गांध्या, ओठांना सूज, उलटी, धाप असं झालंय का? झालं असेल तर ते थांबवून लगेच अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांना दाखवा, घरी परत खाऊ घालून बघू नका. कधीच झालं नसेल तर खाऊ दे त्याला केळं, आणि रोजचा पंप चुकवू नका.