अ‍ॅरिस्टॉटलने मागणीचा सिद्धांत मांडला होता का?

वस्तूचे मूल्य मागणीवरून ठरते हे अ‍ॅरिस्टॉटलने आधीच सांगितले होते, असे आपल्या क्रमिक पुस्तकात छापले आहे. ते खरे मानावे का, असे आपण विचारले आहे. मानू नये. एवढ्या ठामपणे सांगतो, कारण याच 'मागणी' शब्दापायी माझ्या एम. ए.च्या लघुप्रबंधातील एक आख्खे प्रकरण बाद झाले होते.

'निकोमाखीय नीतिशास्त्रा'च्या पाचव्या भागात घर बांधणारा आणि चांभार यांच्यातील देवघेवीची चर्चा आहे. घर आणि जोडे एका मापात कसे बसवायचे? सर्वांना एकत्र बांधून ठेवते ती 'ख्रेइया' (मूळ ग्रीक शब्द), आणि नाणे हे तिचे संकेताने ठरलेले प्रतिनिधी, असे तेथे म्हटले आहे. भाषांतरकार रॉस यांनी इंग्रजीत या शब्दासाठी 'डिमांड' योजला. मी 'गरज' लिहिले होते. मार्गदर्शकांनी लाल शाईने ते जागोजागी खोडून 'मागणी' केले. मागणीला खिशात पैसा लागतो, गरजेला लागत नाही, आणि गरजवंताला अक्कल नसते असे आपण म्हणतो ते काही गिऱ्हाइकाबद्दल नव्हे, असे मी म्हणालो. भाषांतरकाराला तुमच्यापेक्षा ग्रीक अधिक येत होते, एवढेच उत्तर मिळाले. ते खरे असल्यामुळे मी गप्प बसलो.

त्या वेळी न सुचलेला मुद्दा अ‍ॅरिस्टॉटलच्या त्याच चर्चेत थोडा पुढे होता. इतक्या भिन्न वस्तू खऱ्या अर्थाने सममेय, म्हणजे एकाच मापाने मोजता येण्याजोग्या, होणे अशक्य आहे, गरजेपुरत्या मात्र त्या होऊ शकतात, असे अ‍ॅरिस्टॉटल स्वतःच म्हणतो. किंमत कशी ठरते याचा सिद्धांत ज्याला मांडायचा आहे, तो अशी कबुली कशाला देईल? मार्क्सने १८६७ मध्ये नेमका हाच उतारा घेतला, परंतु त्यातल्या उदाहरणातील पाच खाटा आणि एक घर यांच्यामागे समान श्रम आहेत हे गुलामगिरीवर उभ्या असलेल्या समाजात अ‍ॅरिस्टॉटलला दिसणे शक्य नव्हते, असे म्हणून त्यातून आपले श्रममूल्य, म्हणजे वस्तूचे मूल्य तिच्यामागील श्रमावरून ठरते हे मत, काढले. अर्थशास्त्रज्ञ शुम्पेटरला अ‍ॅरिस्टॉटलच्या या विवेचनात बेताची व्यवहारबुद्धीच दिसली. माझ्या मते प्राचीन इतिहासाचे अभ्यासक फिन्ली यांचे १९७० मधील म्हणणे सर्वांत प्रामाणिक आहे: येथे आर्थिक विश्लेषण नाहीच, चर्चा न्यायाची आहे.

अर्थात 'ख्रेइया'ला 'उपयोग' असाही अर्थ आहे, आणि अ‍ॅरिस्टॉटलला बाजार कळत नव्हता असेही नाही. ऑलिव्हचे घाणे आगाऊ भाड्याने घेऊन मक्तेदारी साधणाऱ्या थेलीस या तत्त्वज्ञाची गोष्ट 'राजनीती'त त्यानेच सांगितली आहे.

तरीही उत्तरपत्रिकेत आपण 'गरज' असेच लिहावे. परीक्षकांनी गुण कापले, तर पुनर्मूल्यांकनाच्या अर्जात पाचव्या भागाचे पाचवे प्रकरण दाखवावे. माझ्या वेळी लघुप्रबंधाला तशी सोय नव्हती.